धक्क्यावरचे आठ कान

ते आठ कान पाण्यात सोडले ते नावाडीमामांनीच. एकेक केबल हातात घेऊन, तिच्यावरचा चिखल अंगठ्याने पुसत, तीन-तीन मीटरवर, धक्क्याच्या खांबांना ओळीने बांधत गेले. ती वर उभी राहून नुसती आकडे सांगत होती.

ती म्हणजे तलावाकाठच्या मत्स्यसंशोधन केंद्रातली नवी यंत्रतज्ज्ञ. पाण्याखालचा आवाज टिपणारे माइक घेऊन आली, म्हणून पहिल्याच आठवड्यात केंद्रातल्यांनी तिचं नाव 'कानवाली' ठेवलं होतं. ते तिच्याही कानावर आलं होतं. तिने मनावर घेतलं नाही.

काम तसं सरळ होतं. दीड महिन्यात तीनदा मेलेले मासे तरंगत धक्क्याला लागले होते, आणि तिन्ही वेळा त्या दिवशी उजाडता उजाडता काठावरच्या लोकांना ढुम्म असा दबका आवाज आला होता. पाण्यात सुरुंग लावून कुणीतरी मासे मारतंय, असं केंद्रप्रमुखांचं ठाम मत होतं. त्यांना सगळे सर म्हणत. कोण मारतंय एवढंच शोधायचं बाकी होतं आणि त्यासाठी कानवालीला आणलं होतं.

"पण ताई," शेवटची गाठ मारून मामा बोटीतून वर बघत म्हणाले, "हे ऐकतील ते कळलं. कुठून आलं ते कसं सांगतील?"

"माझ्या सासूबाईंचा डावा कान गेलाय, मामा. हाक मारली की ऐकू येते, पण कुठून आली ते कळत नाही. मी स्वयंपाकघरातून बोलावते आणि त्या बाहेरच्या दाराला ओरडतात, आले, आले! ऐकायला एक कान पुरतो. दिशा कळायला दुसरा लागतो. आधी कुठल्या कानाला लागलं, मग कुठल्या, त्या फरकावरून डोकं हिशेब करतं."

मामांनी खांबांकडे पाहिलं. "म्हणजे खांबांसारखं. वारा अगदी आडवा असला की लाट सगळ्या खांबांवर एकदम आपटते, थाड करून. तिरकी आली की एकेकाला लागत पळते, टप टप टप टप. डोळे मिटून सांगता येतं किती तिरकी आहे ते."

ती इतकी खूश झाली की खाली उकिडवी बसली. "अगदी तेच! फक्त पाण्यातला आवाज भलताच पळतो. तीन मीटर जायला त्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. म्हणून आम्ही बघतो की लाट कुठल्या कानाशी कितपत चढलीय. पहिल्या कानाशी ती पार माथ्यावर असते, तेव्हा दुसऱ्याशी अर्धी चढलेली, तिसऱ्याशी नुकती उठत असते. हे जे मागे मागे पडणं आहे ना, त्याला कलांतर म्हणतात. आठही कानांचं कलांतर जुळवलं की लाट किती तिरकी आली ते निघतं."

"बरं. आणि दुसऱ्या बाजूने तेवढीच तिरकी आली तर? खांबांवर तर ती तशीच टप टप वाजते."

तेवढ्यात सरांचा फोन आला. फोन कानाला लावता लावता ती म्हणाली, "ते प्रोग्राम बघून घेतो, मामा," आणि उठली.

धक्का तलावात सरळ पूर्वेला गेलेला होता. त्याच्या टोकाला उभं राहिलं की डाव्या हाताला उत्तरेचा काठ, तिथे मासेमारांची वस्ती. मामांचं घर तिथेच, शेजारी त्यांच्या मेहुण्याचं, आणि समोर मेहुण्याच्या तीन बोटी. उजव्या हाताला दक्षिणेचा काठ. तिथे शहराला पिण्याचं पाणी उपसणारी गोल विहीर होती, जॅकवेल. तिच्याभोवती काटेरी तारा, फलक, नावांना सक्त मनाई. त्या बाजूला पाणीपुरवठ्याच्या माणसांशिवाय कुणीच जात नसे.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, सहा वाजून दहा मिनिटांनी यंत्राने पहिला ढुम्म पकडला. दुपारी मासे आले, पांढरी पोटं वर करून. तिने नोंद काढली, दिशेची रेषा नकाशावर ओढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. रेषा धक्क्यापासून निघून तिरकी उत्तरेला गेली होती आणि काठाला जिथे लागत होती तिथे तीन लहान बोटी काढलेल्या होत्या.

सरांनी त्यांच्यावर पेनाचं टोपण ठेवलं. "इथे कोण राहतं?"

"वस्ती आहे."

"ती मला दिसतेय. या घाटावर कोण?"

तिला माहीत होतं. तरी तिने जरा वेळ लावला. "मामांचा मेहुणा."

"आणि मामांची बोट रात्री कुठे बांधलेली असते?"

"तिथेच."

सर खुर्चीत मागे टेकले. "एका नोंदीवरून मी काही बोलत नाही. पण लक्ष ठेवा. आणि त्यांना यातलं काही कळू देऊ नका."

त्या दिवसापासून तिची नजर बदलली. मामा तेच होते, येण्याची वाट तीच होती, पण आता तिला भलतंच दिसायला लागलं. सकाळी त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली असायची. बोट धक्क्याला लागल्यावर पाय कशाला भिजतील? त्यांच्या बसायच्या फळीखाली एक निळी गोणी असायची, तोंड दोरीने आवळलेलं. एकदा तिने सहज म्हणून विचारलं, "काय आहे हो मामा त्यात?" तर मामा म्हणाले, "घरचं आहे," आणि गोणी पायाने आत सरकवली. आठवड्यातून दोनदा तरी ते उशिरा यायचे. विचारलं तर म्हणायचे, "जरा काम होतं."

मग एका शनिवारी त्यांनी तिला विचारलं, "ताई, हे यंत्र रविवारीपण चालू असतं का?"

"का?"

"असंच. विचारलं."

त्याच संध्याकाळी धक्क्यावर फिरताना तिला चौथ्या कानाची केबल वेगळ्या गाठीने बांधलेली दिसली. तिने स्वतः पाहिलेली गाठ वेगळी होती. ही नवी होती, दुहेरी, आणि केबल वीतभर वर सरकवलेली.

घरी तिने सासूबाईंना हे सगळं सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात उशिरापर्यंत असायचा, त्यामुळे दिवसभराचं बोलायला सासूबाईच. त्यांच्या उजव्या बाजूला बसावं लागे, एवढंच.

"ओले पाय, गोणी, उशीर, गाठ," सासूबाई बोटं मोजत म्हणाल्या. "आणि तुझी ती रेषा नसती, तर यातलं काय तुला दिसलं असतं?"

"पण रेषा आहे ना."

"तेच म्हणतेय मी. एकदा माणूस मनातून उतरला की तो शिंकला तरी कुणाला तरी इशारा केला असंच वाटतं. मागे मला वाटत नव्हतं का, की तू मुद्दाम माझ्या डाव्या बाजूने बोलतेस म्हणून?"

"वाटत होतं?" ती चकित झाली.

"वर्षभर," सासूबाई म्हणाल्या आणि ताट उचलून उठल्या.

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. अंथरुणावर पडल्यावर तिला मामांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न आठवला. दुसऱ्या बाजूने आली तर? यंत्र कुठे फसतं, हेच तर विचारत होते ते! तेव्हा तिला तो हुशार प्रश्न वाटला होता. आता तिला वाटलं, नावाड्याला ही चौकशी हवीच कशाला?

दुसरा ढुम्म सोमवारी आला. रेषा तीच, केसाएवढाही फरक नाही. त्या दिवशी मामा पाऊण तास उशिरा आले.

तिने अहवाल लिहिला. त्यात मामांचं नाव घातलं नाही, फक्त रेषा, वेळ आणि घाटाची जागा. नाव सरांनी घातलं. बुधवारी सकाळी मामांची बोट धक्क्याला लागली तेव्हा केंद्राचे दोन पहारेकरी तिथे उभेच होते. सर होते, प्रयोगशाळेतले लोक होते, आणि मासळी घेऊन आलेल्या वस्तीतल्या पंचवीस-तीस बायका-पुरुष होते. ती यंत्राच्या खोलीच्या दारात उभी होती.

"गोणी बाहेर काढा," सर म्हणाले.

"घरचं आहे, साहेब."

"काढा."

मामा हलले नाहीत. मग पहारेकऱ्याने बोटीत उतरून गोणी वर फेकली आणि दुसऱ्याने दोरी तोडून ती फळ्यांवर उलटी केली. आतून ओल्या चादरी पडल्या. तीन चादरी, एक रबरी कापड आणि बायकांचा एक गाऊन. पहारेकऱ्याला वाटलं असावं की आत काही गुंडाळलंय. त्याने एकेक चादर दोन्ही हातांनी उंच धरून झटकली. मधोमध पिवळट डाग होते, किती धुतले तरी न जाणारे.

वस्तीतल्या एका बाईने तोंडाला पदर लावला. मामींना दुखण्याने अंथरुणाला खिळून चार महिने झाले होते हे वस्तीत माहीत होतं. पण मामा रोज पहाटे गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांच्या चादरी धुतात आणि शेजारपाजारी दिसू नयेत म्हणून गोणीत घालून कामावर आणतात, केंद्रामागच्या झुडपांवर वाळवतात, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"घडी घाला," मामा म्हणाले. "ओल्या आहेत, पण धुतलेल्या आहेत."

सर क्षणभर गडबडले. मग घसा साफ करून म्हणाले, "गोणीचं असो. यंत्राची नोंद वेगळी आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नका. आणि बोट इथेच राहील."

मामांनी चादरींची घडी स्वतःच घातली. बोटीला साखळी आणि कुलूप लागेपर्यंत थांबले आणि मग गोणी खांद्यावर टाकून काठाच्या वाटेने चालत निघाले. दारापाशी आल्यावर त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. तिने मान वळवून आत पडद्याकडे बघितलं, जणू तिथे काहीतरी चाललं होतं.

तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. ओले पाय आणि उशीर दोन्हींचा खुलासा झाला होता. पण गाठीचा झाला नव्हता, रविवारचा झाला नव्हता, आणि रेषा तर होतीच. माणूस खोटं बोलू शकतो, रेषा कशाला बोलेल, असं तिने स्वतःला दोन-तीनदा बजावलं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा ढुम्म झाला. मामांची बोट धक्क्याला कुलपात होती. रेषा तीच.

"मेहुणा," सर लगेच म्हणाले. "मी म्हणतच होतो, हे एकट्याचं काम नाही."

खरं तर ते असं कधीच म्हणाले नव्हते. तिला पहिल्यांदा सरांचाही जरा संशय आला, पण कसला ते नीट सांगता येईना. ज्या माणसाला पकडलं तो सुटला की लगेच त्याच्या शेजारच्याला पकडायचं, आणि रेषेने मात्र जागचं हलायचं नाही, यात काहीतरी खुपत होतं.

दोन दिवसांनी सकाळी नऊच्या सुमारास ती एकटीच यंत्राच्या खोलीत होती. पडद्यावर एका इंजिनाचा आवाज दिसू लागला, चांगला दणदणीत, उत्तरेच्या काठाजवळ. ठिपका हळूहळू धक्क्याच्या टोकाकडे सरकत होता. तिला वाटलं, मेहुणाच निघाला. ती दुर्बीण घेऊन बाहेर पळाली.

उत्तरेचं पाणी रिकामं होतं. एक पाणकावळा पंख पसरून खुंटावर बसला होता. मेहुण्याच्या तिन्ही बोटी काठावर पालथ्या पडलेल्या. आणि इंजिनाचा आवाज तर येत होता, तिच्या पाठीमागून. ती वळली. दक्षिणेच्या काठाने पाणीपुरवठ्याची पांढरी लाँच जॅकवेलकडून निघून तलावाच्या मध्याकडे चालली होती.

ती आत आली. पडद्यावर ठिपका उत्तरेलाच होता. पुन्हा बाहेर गेली. लाँच दक्षिणेलाच होती.

केबली उलट्यासुलट्या जोडल्या गेल्या असतील, असं तिला आधी वाटलं. मामांची ती गाठ! तिने आठही केबली तपासल्या. चौथ्या केबलीपाशी खाली वाकून पाहिलं, तर जुन्या गाठीच्या जागी खांबाचा गंजलेला खिळा बाहेर आला होता आणि केबलीचं रबर तिथे थोडं खरवडलेलं होतं. तिथून ती वीतभर वर घेऊन कुणीतरी नीट बांधली होती, आणखी कापली जाऊ नये म्हणून. कान मात्र तेवढ्याच खोलीवर राहील इतकी केबल वरून सोडलेली होती. जोडणीत काही चूक नव्हती.

ती पुन्हा पडद्यासमोर बसली आणि प्रोग्रामचं पहिलं पान उघडलं, जे तिने बसवल्या दिवसापासून उघडलं नव्हतं. तिथे एका चौकोनात बरोबरची खूण होती. 'फक्त उत्तर बाजू दाखवा.'

ती खूण तिनेच केली होती. आता सगळं आठवलं. पहिल्या दिवशी फोन करून सरांनी पडद्याचा फोटो मागवला होता आणि ते वैतागले होते. प्रत्येक आवाजाच्या दोन रेषा उमटत होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, बैलाच्या शिंगांसारख्या. "दोन कशाला? दक्षिणेला माणूस नाही, नाव नाही. अहवालात एक रेषा हवी." तिलाही ते पटलं होतं. एका सरळ ओळीत लावलेल्या कानांना डावं-उजवं कळत नाही, हे ती शिकलेली होती, परीक्षेत लिहिलेलं होतं. लाट ओळीला किती तिरकी आली तेवढंच कान सांगतात. कुठल्या बाजूने आली, ते त्यांना ठाऊकच नसतं. खांबांवर तशीच टप टप वाजते.

तिने खूण काढली आणि तिन्ही ढुम्म पुन्हा लावून बघितले. तिन्ही वेळा दोन रेषा आल्या. एक मेहुण्याच्या घाटाला. दुसरी सरळ जॅकवेलला.

अपराधीपणाच्या आधी तिला भीती वाटली, नुसती भीती. खोलीचं दार तिने आतून लावलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

मग ती कोठारात गेली आणि तिथली लांब ॲल्युमिनियमची शिडी ओढत धक्क्यावर आणली. शिडीचं एक टोक फळ्यांवर ठेवून त्यावर चार दगड रचले, दुसरं टोक दक्षिणेकडे पाण्यावर काढलं आणि सातवा आणि आठवा कान तिथे टांगला. आता सगळे कान एका ओळीत राहिले नाहीत. दोन बाजूला गेल्यामुळे डावीकडून आलेली लाट आणि उजवीकडून आलेली लाट त्यांना वेगवेगळी लागणार होती. नावाडी असता तर हे काम पंधरा मिनिटांचं होतं. तिला अडीच तास लागले आणि दोन्ही तळवे सोलपटले.

"हे काय?" सरांनी खिडकीतून विचारलं.

"तपासणी," ती म्हणाली. त्याहून जास्त तिने सांगितलं नाही. आता तीही मोजूनमापून बोलायला लागली होती.

पाचव्या दिवशी सहा वाजून बारा मिनिटांनी ढुम्म झाला. एकच रेषा उमटली. जॅकवेल.

त्याच दिवशी ती काटेरी तारांपर्यंत गेली आणि आत निरोप पाठवला. जॅकवेलचा इंजिनिअर उमदा, बोलका माणूस होता. त्याने तिला थेट वर नेलं. सुरुंग लावणाऱ्या टोळीला तोंड द्यायच्या तयारीने आलेल्या तिला त्याने चहा दिला.

"ढुम्म? अहो, ती आमची जाळी!" तो हसत म्हणाला. "पाणी आत घेतो तिथे जाळी आहे. तिला शेवाळ बसतं. पूर्वी पाणबुडे उतरवावे लागायचे. आता तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी नवीन यंत्रणा बसवली, टाकीत हवा दाबून भरायची आणि जाळीच्या मागून एकदम सोडायची. एका दणक्यात जाळी साफ! मागणी कमी असते म्हणून पहाटे करतो."

"आणि खालचा गाळ?"

"तो उडतो थोडा. काळा असतो, वासही मारतो. पण तासाभरात बसतो."

काळा, कुजका गाळ. तो ढवळला की आसपासच्या पाण्यातला प्राणवायू जातो आणि तिथे सापडलेले मासे गुदमरतात. मग दक्षिणेचा वारा त्यांना दुपारपर्यंत धक्क्याला आणून लावतो. हे केंद्रातल्या कुणालाही सुचायला हवं होतं. पण सुरुंग एकदा डोक्यात बसल्यावर मेलेल्या माशांची तपासणी करायचं कुणी मनावरच घेतलं नव्हतं.

"केंद्राला कळवलं नाहीत तुम्ही?"

"पत्र पाठवलं ना. सुरू करायच्या आधीच."

तिने केंद्रात येऊन आवक पत्रांची फाइल काढली. पत्र होतं. वर तारखेचा शिक्का होता आणि कोपऱ्यात सरांची सही.

सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रोज चाळीस पत्रं येतात. सगळ्यांवर सही करतो मी."

"वाचलं नव्हतंत?"

"तुम्ही मला काय विचारताय, लक्षात येतंय का तुमच्या?"

तिच्या लक्षात येत होतं. उत्तर मात्र आलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. सर इतकंच म्हणाले की अहवालात 'तांत्रिक दुरुस्ती' असं लिहून टाका आणि बोटीचं कुलूप काढायला सांगा. तिने दुरुस्ती लिहिली, पण दोन्ही रेषा काढून, खूण कुणी केली आणि का केली ते लिहून, खाली स्वतःच्या सहीने. किल्लीही तिनेच घेतली आणि ती वस्तीत गेली.

मामा दारातच जाळ्याचे फासे विणत बसले होते. आत खाटेवर मामी होत्या. त्यांनी उशीवरून मान उचलून पाहिलं. "कोण आलंय?"

"केंद्रातल्या मॅडम," मामा म्हणाले. ताई म्हणाले नाहीत.

तिने सगळं सांगितलं. शिंगांसारख्या रेषा, खूण, शिडी, जाळी. मामा फासे विणत राहिले. तिचं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे मी पहिल्या दिवशी विचारलं तेच."

"हो."

"मग?"

"मला तेव्हा ऐकायला वेळ नव्हता. आणि नंतर वाटलं, तुम्ही ते मुद्दाम विचारलं होतं." ती थांबली. "रविवारचंही तसंच वाटलं."

"मेहुण्याचं इंजिन दुरुस्त करून आणलं होतं. रविवारी पाण्यात चालवून बघायचं होतं. तुमच्या यंत्रात गोंगाट नको म्हणून विचारलं."

तिने किल्ली आणि अहवालाची प्रत पुढे केली. मामांनी किल्ली घेतली. कागद घेतला नाही.

"हा तुमच्या कपाटात राहणार. त्या दिवशी जे धक्क्यावर होते त्यांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते वाचणार नाहीत. गोणी उलटी केली ना, तिथे उभं राहून तेवढ्याच लोकांसमोर सांगा."

"अहो, कशाला," आतून मामी म्हणाल्या. "पुन्हा तोच विषय निघेल. पुन्हा माझ्याच चादरी."

मामा पहिल्यांदाच गोंधळले. त्यांनी आत बघितलं, मग हातातल्या जाळ्याकडे. "चादरींचं काही बोलायचं नाही," ते शेवटी तिला म्हणाले. "रेषेचं बोला."

बुधवारी सकाळी मासळी घेऊन लोक आले तेव्हा ती धक्क्यावर उभी राहिली. सर आले नाहीत, त्यांना शहरात बैठक होती. पहारेकरी होते, प्रयोगशाळेतले तिघे-चौघे होते. मामा आणि मेहुणा बोटीपाशी थांबले होते. तिने कागद आणला नव्हता. यंत्राला दोन बाजूंतला फरक कळत नव्हता, हे मला माहीत असून मी एक बाजू झाकून ठेवली, मामांचा यात काडीचाही संबंध नव्हता आणि त्यांच्या मेहुण्याचाही नव्हता, सुरुंग कुणी लावलाच नव्हता, असं तिने सांगितलं. मग जाळीचं आणि गाळाचं सांगितलं.

लोकांनी ऐकून घेतलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी बरं झालं म्हणालं नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग ते मासे मरायचे थांबणार का?"

"हवा थोडी थोडी सोडा, एकदम नको, असं लिहिलंय त्यांना. कमी मरतील."

"कमी," म्हातारा म्हणाला.

मामांनी बोटीचं कुलूप काढलं, साखळी गुंडाळून फळ्यांवर ठेवली. ती जवळ गेली. "सोमवारपासून याल ना?"

"हिला सोडून रोज यायचं जमत नाही आता," मामा म्हणाले. ते खरं असेल किंवा नसेलही. तिने विचारलं नाही. त्यांनी वल्ह्याने धक्का रेटला आणि बोट उत्तरेकडे वळवली. ते केंद्रात पुन्हा कामाला आले नाहीत. मेहुण्याबरोबर मासेमारीला जाऊ लागले आणि तिला वाटेत भेटले तर मान हलवत.

लोक पांगायला लागले तेव्हा तोंडाला पदर लावून उभी राहिलेली ती बाई टोपली डोक्यावर घेऊन तिच्यापाशी थांबली. तिने शिडीवरून लोंबणाऱ्या केबलींकडे बोट केलं.

"हे अजून चालू आहे?"

"आहे. तलावाची नोंद ठेवायची असते."

"आम्ही बोटीत बसून बोलतो, तेपण ऐकतं का हे?"

"नाही हो. बोलण्याचा आवाज पाण्याखाली जवळजवळ पोचतच नाही."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग केबलींकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "बरं," ती म्हणाली. त्यानंतर वस्तीतल्या बोटी धक्क्याजवळून जाताना आतली माणसं बोलायची थांबत आणि पन्नास-साठ हात पुढे गेल्यावरच पुन्हा त्यांचे आवाज येऊ लागत.